शनिवारची रुई

मित्रांनो, तुमची सहल आली की तुम्ही या वनचौकीच्या भिंतीवरचे फलक वाचता, फुलपाखरांची चित्रं बघता, आणि मग कोणाचं तरी लक्ष दाराशेजारच्या खिळ्याकडे जातं. तिथे मी असतो. "हा इथे कशाला?" असं तुमच्यातलं कोणीतरी विचारतं आणि बाई तुम्हाला पटकन पुढे नेतात. बाईंना दोष देत नाही मी. आजकाल वर्तमानपत्रात माझ्या भावंडांची नावं येतात ती मारामाऱ्यांच्याच बातम्यांत. म्हणून आज माझं मीच सांगायचं ठरवलं आहे. मी कोयता आहे, धार सोडली तर अंगावर नवं असं काही उरलेलं नाही. तुम्ही आत्ता ज्या उन्हाच्या मोकळ्या जागेत केशरी फुलपाखरांमागे धावून आलात, ती जागा मी राखली आहे आणि तिथली कितीतरी फुलपाखरं मीच मारली आहेत.

माझ्या पात्यावर हा काळसर डाग दिसतो ना, तो गंज नव्हे. तो रुईच्या चिकाचा आहे. राखेने घासून झालं, वाळूने घासून झालं, तो काही जात नाही. आता तो जावा असं मलाही वाटत नाही.

मी जन्मापासून कोयता नव्हतो. सटाण्याहून कांदा भरून निघणाऱ्या एका ट्रकच्या पोटाखाली मी स्प्रिंगचा पाटा होतो. ओझं सोसायचं, खड्डा आला की वाकायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं, एवढंच माझं काम. एकदा मनमाडच्या अलीकडे मी मोडलो. ट्रकवाल्याने मला भंगारात फेकलं आणि भंगारातून मला इसाकचाचांनी उचललं. मनमाडला त्यांची लोहाराची भट्टी होती. त्यांनी मला दगडावर वाजवून पाहिलं, कान लावून ऐकलं आणि मान डोलावली. मग भट्टी, घण, पाणी, पुन्हा भट्टी. फार सोसावं लागलं. पण ज्या दिवशी माझं टोक वाकवून त्यांनी मला बाभळीची मूठ बसवली, त्या दिवशी मी स्वतःला कोणीतरी मोठा समजू लागलो. धारेची घमेंड फार लवकर चढते.

मला विकत घेतलं पुंजाने. तो कुठल्याशा लग्नाला मनमाडला आला होता. चाचा त्याला म्हणाले, "भाऊ, टांगून ठेवायला पाहिजे तर दुसरा घेऊन जा. ये रोज चलना चाहिये. बसून राहिला की बिघडतो हा."

"चाचा, मी वनमजूर हाय," पुंजा म्हणाला. "आमच्याकडं बसून राहायचं काम सायब लोकाला मिळतं."

असा मी या रानात आलो. अंजनेरीचा डोंगर जिथून दिसतो अशा एका टेकडीच्या कुशीतलं हे लहानसं राखीव वन. आत जुनी दगडी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे, म्हणून लोक याला बारवेचं रान म्हणतात. पायथ्याला मारुतीचं देऊळ आहे. मारुतीचा जन्म अंजनेरीचा असं इकडे सगळे मानतात, त्यामुळे दर शनिवारी आमच्या मारुतीला तेल, शेंदूर आणि रुईच्या पानांची माळ चुकत नाही. नाशिकहून गाड्या करून लोक येतात.

पावसाळा सरला की पुंजा आणि मी जाळरेषा काढायचो. वणवा लागला तर तो पसरू नये म्हणून रानाच्या कडेने गवत आणि झुडपं काढून एक मोकळा पट्टा ठेवतात, ती जाळरेषा. बारवेपाशी हा पट्टा चांगला रुंद होता. तिथे दिवसभर ऊन पडायचं आणि रुई माजायची. आठवडाभर मी पुंजाचा असे. शुक्रवारी मात्र मी कुसाबाईचा. कुसाबाई म्हणजे पुंजाची बायको. देवळाच्या पायरीवर बसून शनिवारी रुईच्या माळा विकणारी ती एकटीच होती.

रुईची फांदी तोडली की दुधासारखा पांढरा चीक टपटपतो. तो डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. म्हणून कुसाबाई माझ्या वाकड्या टोकाने फांदी लांबून ओढायची, एका घावात तोडायची आणि चीक गळेपर्यंत बाजूला ठेवायची. तिचा घाव बघण्यासारखा होता. पुंजाला दोनदा मारावं लागे तिथे तिला एकदा पुरे. पानांच्या पाठी काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या असत. "आज लय अळी लागली," असं म्हणत ती फांदी दगडावर झटकायची. खाली पडलेल्या अळ्या मुंग्या नेत, कोंबड्या टिपत. काही माझ्याखालीच चिरडल्या जात. मला काही वाटायचं नाही. तिलाही वाटायचं नाही. वांग्यावरची अळी काढतो तशीच ही, एवढंच आम्हा दोघांना ठाऊक होतं.

गावात माझं नाव झालं होतं. कोणाला बांधावरची बाभूळ काढायची असली की पुंजाकडे माझी मागणी यायची. पुंजा मला कोणाला द्यायचा नाही. मी त्या काळात सुखी होतो, हे सांगताना आज माझी मलाच लाज वाटते.

मग उज्वलाताई वनरक्षक म्हणून इथे आल्या. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत त्या वाढलेल्या. खिडकी उघडली की चिमण्यांऐवजी चिमण्या दिसायच्या, धुराच्या, असं त्या हसून सांगत. त्यामुळे असेल, पण रानात त्या हावरटासारख्या हिंडत. पुंजाला वाटलं, नवी आहे, महिन्याभरात दमेल. त्या दमल्या नाहीत. बारवेजवळच्या रुईसमोर त्या गुडघे टेकून बसत आणि पानाची मागची बाजू बघत. अंडं कुठे आहे, अळी केवढी झाली, कोष कधी झाला, सगळं बघत. कोष म्हणजे अळी स्वतःभोवती करून घेते ते घर, हिरवं, पानाला उलटं लोंबणारं, कानातल्या बुगडीएवढं. त्यातून केशरी पंखांचं, काळ्या किनारीचं फुलपाखरू बाहेर पडतं. ताईंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एकट्याच होत्या आणि त्यांनी आनंद सांगितला तो पुंजाला. पुंजाने कौतुकाने मान हलवली आणि मला पाठीमागे धरलं. त्याला काहीतरी उमगलं असावं.

एका शनिवारी ताई देवळाशी आल्या. कुसाबाई पायरीवर माळ ओवत होती, मी तिच्या मांडीशेजारी पडलो होतो आणि माझ्यावर चीक अजून ओला होता. दर्शनाची रांग चांगली लांब होती. ताईंनी अर्धवट माळेतलं एक पान उलटलं. त्यावर एक अळी होती, अर्धी. उरलेली अर्धी सुईदोऱ्यात गेली होती.

"मावशी, ही अळी नाही," ताई म्हणाल्या. आवाज चढला होता. "हेच ते फुलपाखरू आहे. तुम्ही दर शनिवारी देवाच्या गळ्यात मेलेली पिल्लं घालताय."

रांगेतली माणसं वळून बघू लागली. कोणी "अरेरे" म्हणालं. एका बाईने हातातली विकत घेतलेली माळ खाली ठेवली. कुसाबाईने ओवलेली माळ सोडायला घेतली आणि एकेक पान उलटून पाहिलं. मग टोपली तिथेच ठेवून ती उठली आणि मारुतीकडे न बघता निघून गेली. ती जाताना मी पायरीवर पडून होतो. इतकी वर्षं मी काय कापत होतो हे मला त्या पायरीवर कळलं.

त्या दिवसापासून बारवेच्या पट्ट्यात पानाला हात लावायला बंदी झाली. जाळरेषाही तेवढी सोडून पलीकडून काढायची असं ठरलं. ताई पुंजाला म्हणाल्या, "कोयता चौकीतच राहू द्या." त्यांनी स्वतः मला या खिळ्यावर टांगलं. मला राग आला नाही. शिक्षा बरोबर झाली असं वाटलं, आणि त्याने मन थोडं हलकंही झालं.

पहिलं वर्ष तर दृष्ट लागण्यासारखं गेलं. न कापलेल्या पट्ट्यात काटेरी घाणेरी वाढली, तिला लाल-पिवळ्या फुलांचे गुच्छ आले आणि मध प्यायला झुंबड उडाली. या खिळ्यावरून मला सगळं दिसायचं. लोक मोबाइल घेऊन येत, ताईंचं कौतुक होई, वरिष्ठ येऊन पाठ थोपटून गेले, भिंतीवर फलक लागले. माझ्याशिवाय रान किती सुखात आहे हे बघत मी गंजत होतो. कुसाबाई लोकांच्या शेतात कांदा लावायला जाऊ लागली. देवळातल्या मंडळींनी मारुतीला प्लॅस्टिकच्या पानांची माळ आणली. ती मळली की नळाखाली धुवायची आणि पुन्हा घालायची.

पण मित्रांनो, फुलपाखरू मध कुठल्याही फुलाचा पितं. अंडी मात्र या केशरी फुलपाखराला रुईवरच घालावी लागतात. ताईंना हे माहीत होतं, म्हणून तर त्यांनी रुई राखली होती. फक्त राखलेली रुई म्हातारी होत गेली. तिची पानं जून झाली, जाड झाली, धुळीने राठ झाली. वरून घाणेरी चढली, तिच्या सावलीत खालच्या फांद्या वाळल्या. दुसऱ्या वर्षी फुलपाखरं कमी झाली. तिसऱ्या वर्षी पाऊस सरला, घाणेरी फुलली, आणि त्या फुलांवर केशरी पंख दिसेनात.

ताईंनी दूरवरून रुईची रोपं आणून लावली. ती सावलीत मान टाकून मेली. संध्याकाळी त्या चौकीच्या पायरीवर बसायच्या, माझ्या अगदी खाली, आणि वाळलेली रोपं हातात घेऊन बघत राहायच्या. आणि मी काय करत होतो, ऐका. मी खूश होत होतो. मला टांगलंत ना, मग बघा आता, असं मनातल्या मनात म्हणत होतो. एका जिवाचं दुःख बघून मला बरं वाटत होतं. आधी मी अजाणता मारलं होतं. हे मात्र जाणूनबुजून होतं, आणि यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

अशात एका शुक्रवारी उजाडता उजाडता पुंजाने मला खिळ्यावरून काढलं. ताई आल्या नव्हत्या. कोणाच्या कानात सांगावं तसा मला तोंडाजवळ नेऊन तो पुटपुटला, "चल रं. पाप लागलं तर मला लागंल."

बारवेच्या काठाला, वाटेकडून दिसणार नाही असं रुईचं एक झुडूप होतं. पुंजाने त्याच्या मोजक्या फांद्या तोडल्या. माझी धार गेली होती, घाव नीट बसेना, चीक त्याच्या मनगटावर उडाला. मग बारवेच्या पायरीवर बसून त्याने वेडीवाकडी माळ ओवली. कुसाबाई ओवते तशी नाही, पानं कुठे दाट कुठे विरळ. दुसऱ्या दिवशी देऊळ उघडताच त्याने प्लॅस्टिकची माळ काढून ती घातली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी तेच एक झुडूप. मी चोरीत सामील होतो आणि बंदी मोडत होतो. नको म्हणायला मला तोंड नव्हतं.

चोरी किती दिवस लपणार? एका सकाळी ताई बारवेकडे उतरल्या आणि लगेच वर आल्या. पुंजा चौकी झाडत होता.

"पुंजाभाऊ, काठावरची रुई कोणी तोडली?"

पुंजा झाडतच राहिला. ताईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि पात्यावर बोट टेकवलं. बोट चिकटलं.

"चीक ओला आहे," त्या म्हणाल्या.

"म्या तोडली, मॅडम."

"तुम्ही? सगळं माहीत असताना?"

"मारुतीच्या गळ्यात ते पिलास्टिक बघवंना. एकच झुडूप तोडतो. घरी बी सांगितलं नाय. तिला कळलं तर ती माझ्या हातचं पाणी प्यायची नाय."

"मी वर कळवलं तर तुमचं काम जाईल. कळतंय ना?"

"कळवा. मी खोटं बोलणार नाय."

ताई त्याला घेऊन बारवेपाशी आल्या. त्यांच्या हातात मी होतो, पकडलेल्या चोराचा साथीदार. तोडलेल्या झुडपाकडे बोट करून त्या बोलायला लागल्या, "बघा, याची काय अवस्था" आणि मधेच गप्प झाल्या. आधीच्या शुक्रवारी जिथे जिथे घाव बसला होता तिथून नवे कोंब फुटले होते, मऊ, पोपटी. त्यातल्या एका कोंबावर एक केशरी फुलपाखरू बसलं होतं. ते शेपटाकडचं अंग वाकवून पानाच्या खाली टेकवत होतं. ते उडून गेल्यावर ताई गुडघ्यांवर बसल्या आणि पान उलटलं. अंडं होतं. शेजारच्या पानावर सुईच्या टोकाएवढी अळी. त्याच्या शेजारी आणखी एक.

मग ताई वेड्यासारख्या सगळ्या पट्ट्यात फिरल्या. घाणेरीत शिरून, ओरबाडून घेत, एकेक राखलेली रुई त्यांनी तपासली. कुठे काही नव्हतं. जे झुडूप चोरून तोडलं होतं, तेवढंच जिवंत पिल्लांनी भरलं होतं. त्या परत आल्या आणि बारवेच्या पायरीवर बसल्या.

"पुंजाभाऊ," त्या म्हणाल्या, "मी काय करून बसले हो."

पुंजा म्हणाला, "पाणी आणू का?"

ताईंनी वर कळवलं, पण वेगळंच कळवलं. परवानगी यायला वेळ लागला, तरी आली. त्या बारवेच्या जागेचे त्यांनी भाग पाडले. आधी घाणेरी मुळापासून काढायची, ऊन आत येऊ द्यायचं. मग रुईचा एक भाग तोडायचा आणि बाकीचे तसेच ठेवायचे. तोडलेला फुटला की मग पुढचा. तोडलेली पानं पूर्वीसारखी मारुतीला. रान राखायचं म्हणजे कुलूप लावून बसणं नव्हे, हे ताई आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. तुम्हालाही मघाशी सांगितलं असेल.

मला धार लावून आणली. आता माझे चांगले दिवस आले असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. तोडायच्या आधी ताई पानं उलटून बघत, अळ्या अलगद काढून शेजारच्या झुडपावर सोडत. तरी प्रत्येक वेळी एखादी राहायचीच. पूर्वी मी न बघता मारत होतो. आता ताईंच्या हातात बसून बघून मारत होतो. वयामुळे पुंजाचं मनगट आता साथ देत नव्हतं, त्यामुळे बहुतेक घाव ताईंचेच असत, आणि तो हात थरथरायचा. थरथरत्या हाताचा घाव जास्त नासधूस करतो.

एका संध्याकाळी त्यांनी मला पिशवीत घातलं आणि त्या पुंजाच्या घरी गेल्या. कुसाबाई ओट्यावर लसूण निवडत होती. ताईंना बघून ती उठून उभी राहिली.

"कुसाबाई, मी माफी मागायला आले," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी रांगेसमोर तुम्हाला बोलले. तसं बोलायला नको होतं. आणि बंदी घातली तीही चुकली. रुई तुटत होती म्हणून तिला पालवी होती, म्हणून फुलपाखरं होती. मला ते कळलं नाही."

"मला तरी कुठं ठावं व्हतं?" कुसाबाई म्हणाली. "मी तर अळी म्हणूनच झटकायची."

"आता तुम्ही परत यावं असं वाटतं. शुक्रवारी तोडायला."

कुसाबाई खाली बसली. लसणाची पाकळी सोलत राहिली. "त्या दिसापास्नं मी मारुतीपुढं उभी नाय राह्यली, मॅडम. काय तोंडानं राहू? तुमीच म्हनल्या, मेलेली पिल्लं."

"म्हणाले."

"खोटं नव्हतं ते. आता सांगा, तोडल्यावर एक बी मरनार नाय, असं हाय का?"

"नाही. काही मरतातच."

"अन् नाय तोडलं तर?"

"तर सगळीच जातात. हळूहळू."

"नाय तोडून मेली ती देवानं नेली. तोडून मेली ती म्या मारली. ह्यात फरक हाय का नाय?"

मी पिशवीत होतो. मित्रांनो, खिळ्यावर टांगलेला असताना हाच प्रश्न मी स्वतःला विचारत होतो, फक्त मला तो इतका सरळ विचारता आला नव्हता. ताई काहीतरी शहाणपणाचं बोलतील असं मला वाटलं.

"आहे," ताई म्हणाल्या. "फरक आहे. दर वेळी एखादी माझ्या हातून जाते. ती गेली की मला तुम्ही आठवता, त्या पायरीवरून उठून गेलात ते. मला एकटीला ते होत नाही, कुसाबाई. म्हणून आले."

कुसाबाई पाकळ्या गोळा करून उठली. "चहा ठेवते," ती म्हणाली. चहा झाला. जाताना ताईंनी मला पिशवीतून काढून ओट्याच्या कडेला ठेवलं आणि त्या निघून गेल्या.

दिवे लागल्यावर कुसाबाईने मला उचललं. चुलीतली राख घेऊन तिने मला घासायला घेतलं. खूप वेळ घासलं. हा डाग निघत नाही हे तेव्हा तिलाही कळलं. पुंजा दारात उभा राहून बघत होता. त्याने तेव्हा तिला सांगून टाकलं, चोरून तोडल्याचं, वेड्यावाकड्या माळांचं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तशी माळ गावात दुसरं कोन करंल? बघून आले व्हते मी. लांबून."

शुक्रवारी सकाळी ती मला घेऊन बारवेपाशी आली. ताई आधीच तिथे होत्या. कुसाबाईने पदर खोचला आणि एकच अट सांगितली. "माळ मी करीन. पर रविवारी मारुतीच्या अंगावरनं उतरलेली माळ मला परत पायजे. निर्माल्यात टाकायची नाय. चुकून कोनी राह्यलं असंल त्यात, तर हितं आनून सोडीन."

ताईंनी मान हलवली.

तिने पहिली फांदी माझ्या टोकाने ओढली आणि घाव घातला नाही. आधी पान उलटलं. दुसरं उलटलं. एक अळी होती. तिने ते पानच खुडलं आणि ज्या झुडपाला त्या दिवशी हात लावायचा नव्हता त्याच्या फांदीत खोचलं. मग घाव घातला. तोच जुना, एकच. दुसऱ्या फांदीला तसंच. तिसऱ्या फांदीला तसंच. तिचं काम मंद झालं होतं, पण हात थरथरत नव्हता. मला वाटू लागलं, आता जमलं. आता माझ्याकडून काही वाईट होणार नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

पुढच्या फांदीत एक कोष होता. दोन पानं एकमेकांना चिकटली होती, त्यांच्या मधे, हिरव्यात हिरवा. तिला दिसला नाही. ताईंना दिसला नाही. मलाही कळला तो पात्यावर आल्यावर. आतून पाणी आलं, आणि त्या पाण्यात केशरी रंगाची एक ओली घडी होती. एखाद-दोन दिवसांत ती उलगडली असती.

ताई पुढे आल्या. "आज राहू द्या, कुसाबाई. बाकीचं मी बघते."

"नाय," कुसाबाई म्हणाली. "आज ठिवला तर परत हातात धरायची नाय मी."

तिने तो कोष एका पानावर घेतला. मला दुसऱ्या हातात तसंच धरून ती खाली देवळाकडे गेली. शुक्रवार होता, देवळात कोणी नव्हतं. इतक्या वर्षांनी ती मारुतीसमोर उभी राहिली, आणि ते पान तिने त्याच्या पायाशी ठेवलं.

"ह्यो माझ्या हातचा," ती म्हणाली. "बाकीचे बाहीर हायेत. त्यांच्यावर ध्यान ठेव."

मग ती परत वर आली, पदर पुन्हा खोचला आणि पुढची फांदी ओढली.

तेव्हापासून बारवेच्या रानात केशरी फुलपाखरं पुन्हा आहेत. तुम्ही बघितली. दर शनिवारी मारुतीला रुईची माळ असते, दाट, सारखी, कुसाबाईच्या हातची. दर रविवारी ती माळ परत रानात येते. आणि दर शुक्रवारी मी काम करतो, आणि कधी कधी मारतो. यातून सुटायचा रस्ता मला सापडलेला नाही. खिळ्यावर टांगून घेतलं तर हात स्वच्छ राहतो आणि रान मरतं, हे मी पाहिलं आहे. न बघता चालत राहिलं तर काय होतं, तेही मी पाहिलं आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझ्यावरचा डाग बघून मला टाकून देऊ नका आणि तो डाग पुसायलाही जाऊ नका. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात कुठलं तरी रान येईल, तेव्हा त्याला कुलूप लावून निर्धास्त होऊ नका. हातात घ्या. पण घाव घालण्याआधी पान उलटून बघा, आणि बघूनही चुकलात तर ती चूक कुठेतरी पायाशी ठेवून परत कामाला या.

उद्या शुक्रवार आहे. कुसाबाई येईल, मला खिळ्यावरून काढेल आणि आधी पान उलटेल. मी वाट बघतो आहे, आणि मला भीतीही वाटते आहे.